बेट्टी रॉबिन्सन

१९२८ सालच्या आरंभीची गोष्ट. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात हार्वे नावाचे एक लहान गाव आहे. तेथील स्थानकात आगगाडी उभी होती. शाळा नुकतीच सुटली होती. चार्ल्स प्राइस नावाचे एक शिक्षक गाडीत येऊन बसले होते. ते शाळेत जीवशास्त्र शिकवीत आणि मुलांना धावण्याचे शिक्षणही देत. त्यांनी खिडकीतून सहज बाहेर पाहिले, तो एक मुलगी लांबून धावत येताना त्यांना दिसली. गाडी आता सुटणारच होती. ही मुलगी काही गाडी गाठत नाही, असे प्राइस मास्तरांच्या मनात आले आणि त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. थोड्याच वेळात तीच मुलगी डब्यात शिरली आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली.

मास्तर चकित झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलीला शाळेच्या लांब ओसरीतच पन्नास यार्ड धावायला लावले आणि हातात घड्याळ धरून वेळ मोजली. घड्याळातील काटा पाहिल्यावर आदल्या दिवशी आपले डोळे फसले नव्हते, अशी त्यांची खात्री पटली. मुलीला मात्र ह्या साऱ्याचे नवल वाटत होते. मुलींच्याही धावण्याच्या शर्यती होतात, हेच तिला तोपर्यंत ठाऊक नव्हते!

ह्या मुलीचे नाव एलिझाबेथ रॉबिन्सन. सारे तिला बेट्टी म्हणत. तिचा जन्म २३ ऑगस्ट १९११ रोजी रिव्हरडेल ह्या गावी झाला. आपल्याकडे पनवेल तालुक्यातील ओवे हे गाव जसे मुंबईसारख्या महानगराच्या आसपास आहे, तसे रिव्हरडेल हे शिकागो ह्या प्रचंड शहराच्या दक्षिण कडेला वसलेले आहे. शाळेसाठी बेट्टी तेथून जवळच्या हार्वेला आगगाडीने जात-येत असे. धावणे तिला लहानपणापासून आवडे. पण ते अंगणात आणि रस्त्यावर खेळता खेळता धावणे होते. आता मास्तरांनी तिला मुलांच्या संघाबरोबर धावण्याचा सराव करू दिला. मुलींचा संघ शाळेत नव्हताच.

यापुढे जे घडले ते इतक्या झपाट्याने घडले, की त्याची तारीखवार नोंद नसती तर कोणी त्यावर विश्वास ठेवला नसता. ३० मार्च १९२८ रोजी बेट्टी आपली पहिली शर्यत धावली. तिच्या बाजूला हेलन फिल्की ही अमेरिकेतील नामांकित धावपटू उभी होती. बेट्टीचा क्रमांक दुसरा आला. जूनच्या आरंभी शिकागोच्या भव्य सोल्जर फील्ड मैदानावर तिने त्याच फिल्कीला मागे टाकले आणि शंभर मीटरचे अंतर बारा सेकंदांत कापले. जुलैमध्ये न्यूआर्क येथे ऑलिंपिकसाठी निवड-शर्यती झाल्या. त्यांतही ती दुसरी आली आणि अमेरिकेच्या संघात तिची निवड झाली. आगगाडी गाठण्यासाठी धावलेली ती मुलगी अवघ्या काही महिन्यांत 'प्रेसिडेंट रूझवेल्ट' ह्या आगबोटीने अटलांटिक महासागर ओलांडून हॉलंडमधील अॅमस्टरडॅमला निघाली. त्या वेळी तिला सतरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

अॅमस्टरडॅमचे ते ऑलिंपिक आणखी एका कारणाने महत्त्वाचे होते. धावणे, उड्या मारणे, थाळी फेकणे अशा मैदानी स्पर्धांत स्त्रियांना ह्यापूर्वी ऑलिंपिकमध्ये भाग घेता येत नसे. आधुनिक ऑलिंपिक सुरू करणारे कूबेर्तँ हेसुद्धा स्त्रियांनी ह्या स्पर्धांत उतरण्याच्या विरुद्ध होते. १९२८ साली प्रथमच त्यांच्यासाठी पाच स्पर्धा ठेवण्यात आल्या. त्यांतली आठशे मीटरची शर्यत संपल्यावर काही मुली दमून खाली बसल्या, एवढ्यावरून वर्तमानपत्रांनी गहजब केला आणि स्त्रियांची ती शर्यत पुढे १९६० पर्यंत बंद झाली. शर्यत संपल्यावर पुरुषही दमून मैदानावर आडवे होतात. परंतु त्यावरून त्यांची शर्यत कोणी बंद केली नाही.

शंभर मीटरची अंतिम शर्यत ३१ जुलै रोजी होती. अंतिम फेरीत पोहोचलेली अमेरिकेची एकटी मुलगी म्हणजे बेट्टी. सहाजणी प्रारंभरेषेवर आल्या. कॅनडाच्या तिघी होत्या, जर्मनीच्या दोघी. सर्वांच्या मनावर ताण होता. पिस्तूल वाजण्यापूर्वीच पुढे झेपावल्याबद्दल आधी कॅनडाची मर्टल कुक आणि मग जर्मनीची लेनी श्मिट ह्यांना बाद करण्यात आले. कुक तर तेथेच बसून रडू लागली. राहिल्या चौघी. अशा वेळी मन स्थिर ठेवणे मोठ्या माणसांनाही जड जाते. चौथ्यांदाच स्पर्धेला उतरणाऱ्या बेट्टीने ते ठेवले. पिस्तूल वाजताच ती निघाली आणि कॅनडाच्या फॅनी रोझेनफेल्डच्या किंचित पुढे राहून तिने फीत तोडली. वेळ लागली १२.२ सेकंद; हा जागतिक उच्चांकाइतका वेळ होता. स्त्रियांच्या शंभर मीटर शर्यतीचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक सोळा वर्षांच्या शाळकरी मुलीच्या गळ्यात पडले. इतक्या लहान वयात ही शर्यत जिंकणारी दुसरी कोणी अजून झालेली नाही.

काही दिवसांनी चौघींची रिले शर्यत झाली. तिच्यात शेवटचा टप्पा बेट्टीकडे होता. कॅनडाच्या मुली ह्या वेळी चुकल्या नाहीत. रडत बसलेली मर्टल कुकच त्यांच्यासाठी शेवटचा टप्पा धावली आणि कॅनडाने नवा उच्चांक करून सुवर्णपदक पटकावले. अमेरिकेला रौप्यपदक मिळाले.

बेट्टी मायदेशी परतली तेव्हा न्यूयॉर्कमध्ये आणि शिकागोमध्ये तिच्या मिरवणुका निघाल्या. गावकऱ्यांनी तिला हिरेजडित घड्याळ भेट दिले, शाळेने रुपेरी चषक दिला. पुढे ती नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचा अभ्यास करू लागली. आपण धावण्याचे शिक्षण देणारी शिक्षिका व्हावे, असे तिने ठरवले होते. त्याआधी १९३२ सालच्या लॉस एंजलिस येथील ऑलिंपिकमध्ये पुन्हा धावायचे होते. त्यासाठी तिचा सराव अखंड चालू होता.

२८ जून १९३१ हा दिवस अतिशय उकाड्याचा होता. पोहायला जावे असे बेट्टीला वाटले. परंतु पोहण्याने धावपटूच्या स्नायूंना वेगळे वळण लागते, म्हणून तिच्या शिक्षकांनी तिला पोहण्यास मनाई केली होती. तिच्या एका नात्यातल्या भावाकडे लहानसे विमान होते. उंचावर गेल्यावर गार वारा लागेल, एवढ्याच हेतूने ती त्याच्याबरोबर विमानात बसली. विमान वर चढले आणि काही शे फुटांवर असतानाच त्याचे यंत्र बंद पडले. विमान नाकावर खाली आले आणि शेतात आदळले.

मोडक्या विमानातून लोकांनी दोघांना बाहेर काढले. भाऊ गंभीर जखमी झाला होता. बेट्टी निश्चेष्ट पडली होती. तिला उचलणाऱ्या माणसाला ती मृतच वाटली. त्याने तिला आपल्या मोटारीच्या मागच्या भागात ठेवले आणि इस्पितळात न नेता प्रेतांची व्यवस्था करणाऱ्या माणसाकडे नेले. तेथे गेल्यावर तिचा श्वास चालू असल्याचे ध्यानात आले, अशी हकीकत सांगितली जाते.

प्राण वाचले, परंतु तिच्या शरीराची फार हानी झाली होती. डोक्याला मोठी जखम होती. हाताला इजा झाली होती. पायाचे हाड इतके मोडले होते, की ते जोडण्यासाठी शस्त्रवैद्यांना आत धातूची सळई आणि खिळे बसवावे लागले. कित्येक आठवडे ती रुग्णालयात होती. नीट शुद्धीवर आल्यावर तिला कळले, की आता धावण्याचा प्रश्नच उरलेला नाही. पुन्हा चालता आले तरी पुष्कळ झाले, असे वैद्यांचे मत होते. तेव्हा तिला विसावे वर्ष लागलेले होते.

त्यानंतरच्या काळाबद्दल वर्तमानपत्रांत फारसे काही छापून आले नाही. विजयाच्या दिवशी छायाचित्रे घेणारे लोक अशा वेळी येत नाहीत. आधी चाकांची खुर्ची, मग कुबड्या, मग कुणाच्या तरी खांद्याचा आधार, मग भिंतीला धरून चार पावले, असा तो क्रम होता. आखडलेला गुडघा वाकवताना वेदना होत. पाय किंचित आखूड झाला होता. साधे, स्वाभाविक चालणे यायला दोन वर्षे लागली. दरम्यान १९३२ साल आले आणि गेले. लॉस एंजलिसला अमेरिकेच्या मुलींनी रिले शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. त्या संघात बेट्टी नव्हती.

चालता येऊ लागल्यावर तिने हळूहळू धावण्यास आरंभ केला. आश्चर्य असे, की पायातला वेग पुष्कळसा शिल्लक होता. परंतु एक अडचण मात्र दूर होईना. छोट्या पल्ल्याच्या शर्यतीत धावपटू प्रारंभरेषेवर उभे राहत नाहीत. दोन्ही हातांची बोटे जमिनीला टेकवून आणि गुडघे दुमडून ओणवे होतात आणि पिस्तूल वाजताच बाणासारखे सुटतात. त्या काळी पाय रोवण्यासाठी आजच्यासारखे ठोकळेही ऑलिंपिकमध्ये नसत. प्रत्येक जण छोट्या खुरप्याने धावपट्टीच्या मातीत दोन खळगे करी आणि त्यांत पाय रोवी. बेट्टीचा गुडघा इतका वाकतच नव्हता. शंभर मीटरची शर्यत सेकंदाच्या दहाव्या भागाने जिंकली किंवा हरली जाते. तेथे उभ्याने सुरुवात करणारीला काय आशा? जी शर्यत तिने जगात सर्वांत आधी जिंकली होती, ती तिच्यासाठी कायमची बंद झाली.

तथापि एक शर्यत अशी होती, की तिच्यात ओणवे होण्याची गरज नव्हती.

चार गुणिले शंभर मीटरच्या रिले शर्यतीत एका संघाचे चार धावपटू असतात. पहिला धावपटू हातात एक आखूड पोकळ दांडी घेऊन निघतो आणि आपले शंभर मीटर संपताना ती दुसऱ्याच्या हातात देतो. दुसरा तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला. ही देवघेव आखून दिलेल्या पट्ट्यातच व्हावी लागते. त्या काळी हा पट्टा वीस मीटरांचा असे. घेणाऱ्याने उभे राहून वाट पाहावयाची नसते. मागचा जवळ येताच त्याने धावू लागावयाचे आणि पूर्ण वेगात असतानाच दांडी घ्यावयाची. लवकर निघाला तर मागच्याचा हात पोहोचत नाही, उशिरा निघाला तर दोघे एकमेकांवर आदळतात. म्हणूनच चार अतिवेगवान धावपटूंचा संघ देवघेवीत चुकून हरतो आणि त्यांच्याहून मंद असे चार जण नेटक्या सरावाने जिंकतात. आपल्या शाळांच्या क्रीडामहोत्सवांतही हे दर वर्षी घडते.

ह्या शर्यतीत ओणवे होऊन निघतो तो फक्त पहिला धावपटू. बाकीचे तिघे उभ्यानेच निघतात. बेट्टीच्या न वाकणाऱ्या गुडघ्याची ह्या शर्यतीत आडकाठी नव्हती. तिने सारे लक्ष रिलेवर केंद्रित केले. एके काळी एकटीने फीत तोडणारी बेट्टी आता दुसऱ्याकडून दांडी घेऊन तिसऱ्याला देण्याचा सराव करू लागली. १९३६ सालच्या अमेरिकन संघात तिची निवड झाली आणि पहिल्या सुवर्णपदकानंतर आठ वर्षांनी ती 'मॅनहॅटन' आगबोटीने बर्लिनला निघाली.

बर्लिनच्या त्या ऑलिंपिकची आठवण आपल्या देशातही निघते. ध्यानचंदच्या संघाने तेथे हॉकीचे सुवर्णपदक जिंकले आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखवली. त्या वेळी जर्मनीत हिटलरची सत्ता होती आणि आपली माणसे सर्वांहून श्रेष्ठ आहेत, हे जगाला दाखवण्याचा तिचा अट्टहास होता. मुलींच्या रिले शर्यतीत तर जर्मनीचा संघ खरोखरच श्रेष्ठ होता. प्राथमिक फेरीत त्यांनी ४६.४ सेकंदांचा नवा जागतिक उच्चांक केला होता. अमेरिकेच्या संघात हॅरिएट ब्लँड, अॅनेट रॉजर्स, बेट्टी रॉबिन्सन आणि हेलन स्टीफन्स ह्या चौघी होत्या. स्टीफन्स ही मिसूरी राज्यातील अठरा वर्षांची उंचीपुरी मुलगी. तिने नुकतीच शंभर मीटरची शर्यत जिंकली होती. तिला सर्वांत शेवटी ठेवले होते. बेट्टीकडे तिसरा टप्पा आला. हा टप्पा वळणावरचा असतो आणि सळई घातलेल्या पायाला तो सोपा नव्हता.

९ ऑगस्ट १९३६ रोजी अंतिम शर्यत झाली. प्रेक्षागार खचाखच भरले होते आणि स्वतः हिटलर आपल्या आसनावरून शर्यत पाहत होता. आरंभापासूनच जर्मन मुली पुढे गेल्या आणि अंतर वाढत गेले. अमेरिकेकडून ब्लँडने रॉजर्सला, रॉजर्सने बेट्टीला दांडी दिली. बेट्टी वळणावरून धावत आली आणि तिने स्टीफन्सच्या हातात दांडी बिनचूक ठेवली. त्या क्षणी जर्मनीचा संघ आठ-दहा मीटर पुढे होता. तिकडे मारी डॉलिंगरकडून शेवटच्या टप्प्याची धावपटू इल्जे ड्योर्फेल्ट हिच्याकडे दांडी जात होती. तेवढ्यात ती हातून निसटली आणि धावपट्टीवर पडली. ड्योर्फेल्टने दोन्ही हात डोक्याला लावले. सारे प्रेक्षागार एकदम सुन्न झाले. लांब ढांगा टाकीत स्टीफन्स पुढे निघून गेली आणि ४६.९ सेकंदांत अमेरिकेने शर्यत जिंकली. ब्रिटन दुसरे आले, कॅनडा तिसरे.

दांडी पडली नसती तर काय झाले असते, ह्याची चर्चा नंतर पुष्कळ झाली. स्टीफन्सने ते अंतर भरून काढले असते असे काही जण म्हणतात. पण आठ-दहा मीटर हे अंतर थोडे नव्हे. जर्मनीचा संघ अधिक वेगवान होता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्या शर्यतीत दांडी पोहोचवणे हेच मुख्य काम, तिच्यात अमेरिकेच्या चौघींनी ते काम पुरे केले. त्याच दिवशी पुरुषांच्या रिलेत जेसी ओवेन्सने आपले चौथे सुवर्णपदक जिंकले, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्याचीच छायाचित्रे मोठी होती. पाच वर्षांपूर्वी मृत समजली गेलेली मुलगी सुवर्णपदक घेऊन उभी होती, हे किती प्रेक्षकांना माहीत होते कोण जाणे.

ह्यानंतर बेट्टीने स्पर्धांत धावणे सोडले. पुढे तिचे लग्न झाले, दोन मुले झाली. संसार सांभाळून तिने एका दुकानात काम केले. मुलींच्या शर्यती असत तेथे ती हातात घड्याळ घेऊन वेळ मोजण्याचे काम करी आणि खेळाविषयी भाषणेही देई. तिने जी वाट पाहिली होती तिच्यावर आता देशोदेशींच्या मुली येऊ लागल्या होत्या. भारताच्या धावपटू मुली १९५२ साली हेलसिंकी येथे प्रथम ऑलिंपिकमध्ये उतरल्या; मुंबईची मेरी डिसूझा त्यांतली एक. दोनच वर्षांनी मनिलाच्या आशियाई स्पर्धांत भारताच्या चौघी रिले शर्यतीत पहिल्या आल्या. त्या संघात मेरी डिसूझाबरोबर गोव्यात जन्मलेली स्टेफी डिसूझाही होती.

१९७७ साली अमेरिकेने आपल्या थोर मैदानी खेळाडूंच्या मालिकेत बेट्टीचे नाव घातले. १९९६ साली अॅटलांटा येथे ऑलिंपिक भरले, तेव्हा देशभर हातोहात फिरणारी ऑलिंपिकची ज्योत काही अंतर नेण्याचा मान तिला मिळाला. तेव्हा ती चौऱ्याऐंशी वर्षांची होती. तेवढे अंतर ज्योत नेऊन तिने ती पुढच्याच्या हाती दिली.

१८ मे १९९९ रोजी कोलोरॅडो राज्यात तिचे निधन झाले. तिची ऑलिंपिक पदके कित्येक वर्षे घरातल्या एका मिठाईच्या खोक्यात ठेवलेली होती.